पत्ता नसलेला नवस

२६ मे १९९८
कालपासून वीज नाही. कॉलनीतले दोन्ही गुलमोहर आडवे. शेजारच्यांचा पत्रा आमच्या जिन्यावर येऊन पडलाय, तो उचलायला कुणी आलेलं नाही.
वि. काल सकाळी मोटरसायकलवरून पेठला गेले, शेतकी खात्याची बैठक होती. रात्री जेवायला घरी येणार होते. दुपारी वादळ झालं. तेव्हापासून काही कळलेलं नाही. फोन बंद, घाटात झाडं पडलीत, पेठची एसटी आज सुटणार नाही, असं स्टँडवर म्हणाले.
सासूबाई देवापुढून उठत नाहीत. मी घासलेली भांडी परत घासली. मुक्ता म्हणाली, आई पुरे.
कुकर लावताना तोंडून निघून गेलं, चांगलं मोठ्यानं: "नीट घरी येऊ देत. यांच्या वजनाइतका गूळ वाटीन."
मी. मुलांना रसायनशास्त्र शिकवणारी. मागे वळून पाहिलं तर सासूबाई दारात.

२७ मे
जिवंत आहेत.
हरसूलकडून फिरून आलेल्या गाडीचा कंडक्टर घर शोधत आला. अंगावर फांदी पडली, खांद्याजवळचं हाड मोडलंय, ताप आहे, शुद्धीवर आहेत. एका पाड्यावर, सोनीबाई म्हणून कुणी आहे तिच्या घरी. कंडक्टर उभ्यानंच पाणी प्यायला आणि गेला. चहाचं विचारायचंही सुचलं नाही मला. नाव तर नाहीच विचारलं.

२९ मे
वि. घरी आले. जीपमधून. हात गळ्यात, दाढीचे खुंट, कपड्यांना चुलीच्या धुराचा वास.
थोडं थोडं सांगतात. सोनीबाईनं आणि तिच्या मुलानं घोंगडीत घालून उचलून नेलं. त्याच वादळात तिच्या घरावरचं गवत उडालं होतं. एक कोपरा शाबूत होता, तिथे यांना झोपवलं आणि घरची माणसं उघड्यात बसली. नाचणीची पेज दिली. "मावशी पेज पाजताना शिव्या देत होती," म्हणाले, "असल्या आभाळात फटफटी काढतं का कुणी."
मुक्ता आधी रडली, मग रेनकोट नेला नाही म्हणून बापावर ओरडली. मला रडू आलं नाही. त्यांच्या पायाची नखं वाढली होती, ती कापत बसले.

१ जून
आज सासूबाईंनी विषय काढला. नवस लवकर फेडावा, लांबवू नये. मी हो म्हटलं. मग विचारतात, "कुठल्या देवाला बोललीस?"
आठवून पाहिलं. कुठल्याच नाही. नावच घेतलं नव्हतं.
सासूबाई मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं झाली या घरात येऊन, कुलदैवताचं तरी नाव तोंडात यायचं.
मुक्ता: "आईनं पाकीट टाकलं, पण पत्ताच लिहिला नाही."
सासूबाई: "पोचलं ना पण?"
यावर कुणी हसलं नाही. मी तर मुळीच नाही.

४ जून
आता एखादा देव निवडून त्याचं नाव लावून टाकावं, असं सासूबाईंचं म्हणणं. त्यांना मनापासून भीती वाटते, नवस अंगावर राहिला आणि पुन्हा काही झालं तर. मला त्या भीतीची कीव येत नाही, कारण ती मलाही वाटते. पण नंतर नाव घालणं खोटं होईल. त्या क्षणी मी कुणाशी बोलत होते, तेच मला माहीत नाही. कुणाशी तरी बोलत होते, एवढं नक्की. भिंतीशी माणूस तसं बोलत नाही.
की बोलतं? घाबरलं की काहीही...
ही श्रद्धा नाही. ही भीती होती. भीतीनं दिलेला शब्द पाळायचा का? पाळायचा. शब्द तर माझाच होता. इथपर्यंत स्पष्ट आहे.

७ जून
लाकडाच्या वखारीत तुला झाली. घरचा काटा चालणार नाही, समोरासमोर तोलायचं, हा सासूबाईंचा हुकूम. वि. एका पारड्यात मांडी घालून, हात गळ्यात, चेहरा अपराध्यासारखा. दुसरीकडे गुळाच्या ढेपी. वखारवाला म्हणाला, "साहेब, हलू नका, वहिनींचं नुकसान होईल." तापानं उतरलेत. मुक्ता म्हणते, बाबांनी आजारी पडून आईचा गूळ वाचवला.
पारडी समोरासमोर आली आणि मला एकदम हुंदका आला. सगळ्यांसमोर. वखारवाल्यानं तोंड फिरवलं, भला माणूस.
वाटायचा कुठे, ते मी ठरवलं. सोनीबाईच्या पाड्यावर. सासूबाईंनी एक खडा बाजूला काढून फडक्यात बांधून दिला. "हा देवाचा. कुठल्या, ते तू बघ."

१४ जून
पाड्यावर जाऊन आलो. जीप रस्त्यापर्यंत, पुढे पायवाट. वि. हट्टानं चालले.
सोनीबाई किरकोळ, पण आवाज खणखणीत. घरावर नवं गवत अर्धं चढलंय. गूळ पाहून आधी पोरांना हाकललं, मग स्वतःच हाका मारून बोलावलं. घरोघर वाटला. यांना म्हणाली, "आता बरा दिसतोस. तवा पार मेल्यावानी दिसत व्हतास."
मी आभार मानायला लागले, पाठ करून गेले होते. तिनं मध्येच तोडलं. "तुझ्या मान्सासाठी मीबी कोंबडी बोलले व्हते. गावदेवाला." नवसाची कोंबडी कापूनही झाली होती, डोक्यावर गवत नसताना.
ती हसली. "परका मानूस माझ्या घरात मेला असता तं पोलीस आले असते. लय भ्याले मी. म्हनून बोलले."
म्हणजे तीही भ्यालीच होती. का कोण जाणे, इतकं हलकं वाटलं मला.
फडकं सोडून खडा दाखवला. विचारलं, तुमच्या देवापुढे ठेवू का, म्हणजे माझाही फिटेल.
"आमच्या देवाला मी बोलले व्हते. माझं फिटलं. तुझं तू बघ."
खडा परत आणला.

१५ जून
सासूबाईंना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. खडा त्यांनी देव्हाऱ्याच्या कडेला ठेवला, वाटीत. ना आत, ना बाहेर. म्हणाल्या, असू दे, शिळा होत नाही गूळ.
दोन बायका एकाच माणसासाठी घाबरून दोन दिशांना बोलल्या. कुणाचं ऐकलं गेलं? हा प्रश्न वर्गात मुलांनी विचारला असता तर मी चुकीचा ठरवला असता. अजूनही चुकीचाच वाटतो. पण उत्तर नसलं तरी आता टोचत नाही. माणूस शेजारच्या खोलीत घोरतोय.

१३ जुलै
वि. आजपासून कामावर. पहिलाच दौरा पेठ. या वेळी एसटीनं. रेनकोट मुक्तानं स्वतः पिशवीत कोंबला. आभाळ भरलेलं.
सासूबाई दही आणायला आत गेल्या. आतूनच म्हणाल्या, "आता काही बोलायचं तर नाव घेऊन बोल."
काही बोलायचं मनातच नव्हतं. देव्हाऱ्याच्या कडेची वाटी दिसली. खड्याचा तुकडा मोडला आणि यांच्या तळहातावर ठेवला. "हे काय?" म्हणाले. खा म्हटलं. खाल्ला, बोटं चाटली, गेले.
काही कबूल केलं नाही, काही मागितलं नाही. फक्त आभार मानले. आगाऊ. कुणाचे, ते अजून...
सासूबाई दह्याची वाटी घेऊन बाहेर आल्या, मोडलेला खडा पाहिला. मुंग्या लागतील म्हणून उरलेल्यावर झाकण ठेवलं.