कॅल्क्युलेटरच्या आतली वही

१३ जानेवारी, सोमवार

आणि वर म्हणतो कसा, तू कुठं टिकलास का आजवर! गाडी सुटायच्या वेळी खिडकीशी येऊन हे म्हणायची दादाला काय गरज होती? सुरतेत पाच महिने, कोइमतूरला आठ. माझे महिने बरोबर मोजून ठेवलेत त्यानं. मी सातवीत शाळा सोडली तेही मोजलं. त्यानं आमच्या वडिलांची, अण्णांची मोटारसायकल विकून ते पैसे कुठं घातले, ते विचारलं की मात्र तो मोठा आणि मी तोंडाळ. गाडी हलली म्हणून भांडण अर्धंच राहिलं.

तर दादा, काल पोचलो. म्हैसूर झकास आहे. हवा गार, रस्ते रुंद, आणि चहा मागितला तरी लोक आधी कॉफी पुढं करतात. काम आपलंच, गलाईचं. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं. आपल्या विट्याकडची निम्मी पोरं देशभर हेच करतात, त्यात मी एक. मालक मनोहरराव आपल्याच भागातले, तीस वर्षांपासून देवराज मोहल्ल्यात सराफांच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दुकान. संध्याकाळी हातपाय धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवायचं, त्यात सोन्याची धूळ असते. ते सगळीकडं तसंच.

खोली भागीरथीबाईंच्या घरामागं. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात आले ते इथलेच झाले. त्यांची मराठी ऐकून हसू येतं. मला बघून म्हणाल्या, अय्यो मगा, एवढा वाळलेला काय रे, ऊटा झालं की नाही? मगा म्हणजे पोरा, ऊटा म्हणजे जेवण. मी हसलो तर म्हणाल्या, हसतो काय, तुझी मराठी टीव्हीतली, आमची घरातली. खोलीत दोन खाटा आहेत. दुसरी कुणाची विचारलं तर म्हणाल्या, असेल कुणाची तरी.

इथली एक रीत मात्र नवीन. दागिना मुशीत घालण्याआधी काट्यावर ठेवून त्याचा फोटो घ्यायचा. वितळलं की ओळखू येत नाही, उद्या गिऱ्हाईक म्हणालं माझ्या बांगड्या जाड होत्या, तर पुरावा पाहिजे. मालक म्हणतात, आधी फोटो, मग मूस. पण बायका घरी न सांगता दागिने मोडायला आणतात, म्हणून फोटो कुणाला दिसता कामा नयेत. त्यासाठी मालकांनी ड्रॉवरमध्ये पडलेला एक फोन दिला. माझा फुटलाच होता, मी त्यात माझं कार्ड घातलं. त्यात कॅल्क्युलेटर आहे, पण तो कॅल्क्युलेटर नाही. मालकांनी सांगितलेले चार आकडे दाबून बरोबरची खूण दाबली की दार उघडतं. आत फोटो ठेवायला जागा आणि लिहायला वही. कोइमतूरला माझी वही पोरांनी मोठ्यानं वाचून हसं केलं होतं. इथं फोन माझ्याच खिशात, कुणाचा बाप वाचू शकत नाही. मनातलं सगळं इथंच लिहिणार.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. बाईंनी वाटीभर एळ्ळ-बेल्ल दिलं. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, सगळं वेगवेगळं, लाडू वळायचा कंटाळा केल्यासारखं.

सकाळी दादाचा फोन. इतका गोड बोलला की मला वाटलं पैसे मागतोय. नाही. नीट राहा, जेवत जा, म्हणाला. मी मोटारसायकलीचं काढलं तर म्हणतो, कसली मोटारसायकल? भांडण झालं तेच त्याला ठाऊक नाही. गंमत म्हणजे मलाही क्षणभर आठवेना भांडण कशावरून ते. वरचं पान वाचलं तेव्हा आठवलं. बरंच झालं. डोकं कसं मोकळं वाटतंय. लिहिलं की मन हलकं होतं म्हणतात ते खरं आहे.

१८ जानेवारी, शनिवार

काल विद्याश्री नावाची बाई आली होती, तिशीची. चार बांगड्या. नवऱ्याला न सांगता मोडायच्या होत्या, आईच्या ऑपरेशनसाठी. फोटो घेताना एक बांगडी तिनं धरूनच ठेवली होती, त्यामुळं फोटोत तिची बोटंही आली. मूस लाल झाल्यावर ती तोंड फिरवून रडली.

आज खाली फुलवाल्यापाशी भेटली. मी विचारलं, आई बरी आहे का? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच चोर. म्हणाली, तुमच्या दुकानाची पायरी मी कधी चढले नाही. खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारी बाई आधी इकडंतिकडं बघते, हिनं बघितलं नाही.

मालकांना सांगितलं तर हसले. लेका, तुला ओळख दाखवून घरी काय सांगेल ती? विसरली म्हणती तर विसरू दे, फोटो आहे ना आपल्याकडं!

२१ जानेवारी, मंगळवार

आज आईची फार आठवण आली. ती मला भिंगऱ्या म्हणते. लहानपणी मी जेवतानासुद्धा ताटाभोवती फिरायचो, म्हणून. माझं नाव कुशल आहे हे गावात निम्म्यांना ठाऊक नाही. शेवटची भाकरी ती माझ्यासाठी मुद्दाम जाळते, कडेला काळी, मला तशीच आवडते. दादा म्हणायचा, नीट भाकरी याला चालत नाही, कोळसा पाहिजे. आई म्हणायची, तुला काय करायचंय, माझं भिंगरं माझ्यापाशीच येऊन थांबतंय. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून इथं ठेवलं.

२३ जानेवारी, गुरुवार

आईनं फोनवर मला कुशल म्हणून हाक मारली. जन्मात पहिल्यांदा. मी म्हटलं, अगं, भिंगऱ्या म्हण की. ती म्हणाली, हे कसलं नाव, कुणाचं?

दादाला विचारलं, आई बरी आहे ना? तो म्हणाला, ठणठणीत आहे, काल एकटीनं बाजार केला.

फोन ठेवल्यावर मी तिच्याकडून काय ऐकायला तडफडत होतो तेच मला सांगता येईना. इथं येऊन वाचलं, तेव्हा ते नाव कळलं.

२७ जानेवारी, सोमवार

मला वाटतं हा तेजाबाचा धूर आहे. सोनं शुद्ध करताना तेजाबातून पिवळा धूर निघतो, पंखा नीट चालत नाही. डोक्यावर परिणाम होत असणार. पण आई तर विट्याजवळ आहे. तिला कुठला धूर?

दुसऱ्या खाटेखाली कामाचा सदरा सापडला. बाह्यांना तेजाबाची भोकं, माझ्या सदऱ्याला आहेत तशीच. कॉलरवर कानडीत काहीतरी लिहिलेलं. भागीरथीबाईंनी वाचलं, प्राणेश. कोण विचारलं तर म्हणाल्या, गोत्तिल्ला रे मगा, मला माहीत नाही, या खोलीत तुझ्याआधी कोण राहिलंच नाही. पण नाव वाचताना त्यांचा आवाज असा झाला, जसा जेवायला बोलावताना होतो.

मालकही म्हणतात, तू पहिलाच. तीस वर्षं मी एकटाच करतो. एकट्यानं ती भट्टी पेटत नाही. मला ठाऊक आहे.

२९ जानेवारी, बुधवार

आज आईनं फोन उचलून विचारलं, कोण बोलतंय? दोनदा सांगितल्यावर म्हणाली, हां हां, कुशल. जसं दूधवाल्याला म्हणावं.

भीती वाटली. पण मी गलाईवाला आहे, आधी फोटो मग मूस. पुरावा असला की कुणी नाही म्हणू शकत नाही. म्हणून आज सगळे फोटो घेऊन इथं आत ठेवले. माझं आधार कार्ड. गावाच्या जत्रेतला मी आणि आई. शाळेचा दाखला. तिनं मला बांधलेला करगोटा, काट्यावर ठेवून, वजनासकट. आता काही झालं तरी दाखवता येईल.

३१ जानेवारी, शुक्रवार

राँग नंबर म्हणाली.

आवाज आईचाच. मागं कुकरची शिट्टी. मी म्हटलं आई, मी तुझा धाकटा. ती म्हणाली, बाळा, मला एकच पोरगा आहे, तो इथं बसलाय. मग दादा आला आणि त्यानं शिवी दिली.

दुकानात गेलो. मनोहरराव काट्यावरनं मान वर करून म्हणाले, या, कुठलं गाव? गलाईचं काम येतं का? माणूस पाहिजेच होता. सहाशे रोज देईन.

मी काम केलं. काय करणार?

१ फेब्रुवारी

आजही तेच. कुठलं गाव? काम येतं का?

भागीरथीबाईंनी खोली दाखवली. भाडं सांगितलं. एवढा वाळलेला काय रे, म्हणाल्या.

आता कळलं. फार उशिरा कळलं. धूर नाही. मोटारसायकल इथं लिहिली, ती गेली. बांगड्यांचा फोटो इथं, त्या गेल्या. भिंगऱ्या इथं लिहिलं. आणि मग मी स्वतःच्या हातानं मला —

बाहेर काढायचं बटण आहे. दाबलं. हा फोन पहिल्यांदा ज्याचा होता, त्याचे आकडे मागतं. आत टाकायला माझे चालतात, बाहेर काढायला त्याचे.

खाली सरकत गेलो. माझ्या पानांच्याही खाली. तिथं एक आधार कार्ड आहे. प्राणेश. कृष्णराजनगर. शेजारी दुकानाच्या दारातला त्याचा फोटो. अंगात तो सदरा.

२ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद. बसनं कृष्णराजनगरला गेलो. पत्ता वाटेत सारखा आत जाऊन वाचावा लागला, फोन खिशात घातला की पुसल्यासारखा होई. भातशेतीच्या कडेला घर. त्याची आई दारात तांदूळ निवडत होती. मला येते तेवढ्या कानडीत विचारलं. ती म्हणाली, मुलगा नाही मला, एक मुलगी, ती दिली हुणसूरला. पाणी दिलं. बस म्हणाली.

मग आपणच म्हणाली की रोज एक माप तांदूळ जास्त पडतो. हात थांबत नाही. उरतो, गाईला घालते. का पडतो ते कळत नाही.

मी फोटो दाखवला. तिनं बघितला. पोरगा गोड आहे म्हणाली. तुझा भाऊ का?

आकडे कुणाला विचारू? त्याचं जन्मसाल घातलं. नाही. उलटं घातलं. नाही. घराचा नंबर. तीन चुका झाल्या, चोवीस तास बंद, असं आलं. प्राणेशही असाच बसला असेल. त्याच्याही आधी कुणीतरी —

४ फेब्रुवारी

घरी जायचं ठरवलं. समोर उभा राहिलो तर आई ओळखेल. पोटचं आहे.

बसस्टँडवर खिडकीतल्या माणसानं विचारलं, कुठं? मला सांगता येईना. फोन उघडला, आत गावाचं नाव वाचलं, मान वर केली, गेलं. परत वाचलं. परत गेलं. तळहातावर पेननं लिहून घेतलं. खिडकीशी हात उघडला तर अक्षरं होती, पण कुठल्या गावाची ते लागेना. मागचे ओरडायला लागले. एक म्हातारा म्हणाला, बाजूला बस बेटा, आठवेल.

संध्याकाळपर्यंत बसलो.

६ फेब्रुवारी

फोनमधल्या पैसे पाठवायच्या यादीत आईचं खातं अजून आहे. ते कॅल्क्युलेटरच्या बाहेर आहे, म्हणून राहिलं. पैसे पाठवले की तिच्या फोनवर मेसेज जातो, पाठवणाऱ्याचं नाव घेऊन. बँक माणूस नाही. बँक विसरत नाही.

तीन हजार पाठवले. होते तेवढे.

७ फेब्रुवारी

तिचा फोन! तिनं केला. मी आई म्हणालो.

ती म्हणाली, बाळा, तुझे पैसे चुकून आमच्या खात्यात आलेत. नाव वाचलं, आमच्यात कुणी नाही या नावाचं. कष्टाचे असतील. थोरल्याला सांगून परत लावते. नीट बघून पाठवत जा, तुझी आई वाट बघत असेल.

एकच पोरगा म्हणते, तरी थोरला म्हणाली. मी हो म्हणालो. हो म्हणालो नुसतं.

तीन हजार परत आले.

९ फेब्रुवारी

पाचशे पाठवले. परत.

शंभर पाठवले. परत. दादाचा मेसेज, पुन्हा केलंस तर पोलिसात देईन.

कुठलं गाव? काम येतं का? — येतं.

११ फेब्रुवारी

थोडे पाठवले तर परत करायचा त्रास कोण घेणार. एकच रुपया पाठवला. परत आला नाही. म्हणजे मेसेज गेला. म्हणजे तिनं नाव वाचलं. वाचताना ओठ हलवते ती. एवढा वेळ मी तिच्या तोंडात —

१२ फेब्रुवारी

काल इथं लिहायला नको होतं.

आज पाठवायची यादी उघडली. तिचं खातं आहे, पण नावाच्या जागी नुसते आकडे. हे कुणाचं, ते मला इथं वाचल्यावर कळलं. लिहिलं नाही तर मी विसरतो. लिहिलं तर ती —

१३

खात्याचे शेवटचे आकडे ४४१. ते आई. ते आई आहे. बाहेर गेलं की दाबायचं, विचार करायचा नाही. ४४१. हेही लिहिलं आता, हेही जाईल, पण आत्ता, अजून आहे तोवर

पाठवतोय — एक रुपया —