राहा की, हवं तितके दिवस

३ मार्च, सोमवार
घर मिळालं! म्हणजे मिळेल. ड्रायक्लीनरच्या दुकानावर दोन खोल्या, बाथरूमला बुरशी, पण इराची शाळा चालत जाण्यासारखी. मालक चंदूभाई, म्हातारे गुजराती. भाडं पगारात कसंबसं बसेल. डिपॉझिट मात्र कुठून आणू? नवरोबा महेश आम्हाला इथं परदेशात टाकून पुण्याला परत गेला तो जॉइंट अकाउंट धुऊन घेऊनच. चंदूभाई म्हणाले, "कौन्सिल देगी तो भी चलेगा, बेन. इक्कीस तारीख तक रखता हूँ."
नंदाताई ऐकून खूश झाली. सख्खी नव्हे, मावसबहीण, पण तिच्या सामानाच्या चिमुकल्या खोलीत, बॉक्सरूममध्ये, आम्ही मायलेकी ऑगस्टपासून आहोत. आता तिचा मुलगा निखिल नवं घर ताब्यात येईपर्यंत बायको-बाळाला घेऊन इथं राहायला येतोय, खोली त्यांना हवी. हे ताई तोंडानं बोलली नाही. पाळणा आणून आमच्या पलंगाला टेकवून ठेवला. भाऊजी जिन्यात म्हणाले, "घाई अजिबात नाही हं. फक्त अठ्ठावीसच्या आत बघ."

५ मार्च
कामावरून अर्धी सुट्टी. कौन्सिलचं ऑफिस, म्हणजे इथली नगरपालिकाच. हाउसिंगची क्लेअर, तरुण, दमलेली, बरी वाटली. माझा व्हिसा कायमचा, त्यामुळे मदत मिळू शकते म्हणाली. राहत्या घरातून निघायला सांगितलंय, एवढं ताईनं फोनवर कन्फर्म केलं की डिपॉझिट थेट मालकाला. एवढंच? एवढंच. बसमध्ये चक्क गुणगुणत आले.

१० मार्च
क्लेअरचा फोन आला तेव्हा ताई पोळ्या करत होती. पिठाचे हात, म्हणून स्पीकरवर. मी कणीक मळत शेजारीच.
"नो नो, हू टोल्ड यू? शी इज माय सिस्टर! शी कॅन स्टे अ‍ॅज लाँग अ‍ॅज शी लाइक्स."
फोन ठेवून माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मग पोळी उलटत, "सुलू, अठ्ठावीसच्या आधी खोलीला रंग काढून घेऊ म्हणते. बाळाला वास नको."
माझे हात कणकेतच राहिले.

११ मार्च
क्लेअरचा ईमेल. बेघर होण्याची शक्यता दिसत नाही, सबब मदत नाही. शेवटी, तुम्हाला चांगला आधार आहे हे वाचून आनंद झाला.
क्लेअरला फोन. म्हटलं, ती तसं म्हणाली, पण तसं नाहीये. आमच्यात असं म्हणावं लागतं.
"सो शी वॉज लायिंग?"
खोटं नाही गं बाई. खरंही नाही. हे इंग्रजीत कसं सांगतात? मराठीत तरी कुठं येतंय. शेवटी म्हणाली, ताईकडून लेखी आणा.

१३ मार्च
आणा म्हणे. दोन दिवस धीर गोळा केला, आज जेवणं झाल्यावर विचारलं. ताईचे डोळेच भरले. "मी लिहून देऊ, बहिणीला घराबाहेर काढते म्हणून? सरकारी कागदावर? आईला काय तोंड दाखवू मी?"
भाऊजींनी टीव्हीचा आवाज वाढवला. मग कमी करून, "पैशाचं म्हणशील तर निखिलच्या घराच्या डिपॉझिटला सगळं गेलं बघ."
मी पैसे मागितलेच नव्हते. उलट मीच ताईला पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला. कोण कुणाची समजूत घालतंय!
राग आला. मग रागाचीच लाज वाटली. यांचंच मीठ खातेय.

१५ मार्च, शनिवार
इरा म्हणाली, "आई, तू मावशीशी मोठं भांडण कर ना. मग ती स्वतःच काढेल."
हसले. मग वाटलं, चुकीचं काय बोलली पोर?
दुपारी केलं सुरू. भांडी तशीच टाकली. ताईनं विचारलं तर म्हटलं, मीच का नेहमी? आता बोलेल, आता बोलेल.
"दमलीयस गं तू," म्हणाली. भांडी तिनं घासली, आणि वर तेलाची बाटली घेऊन आली, बस इथं, डोकं दाबते.
तिच्या पायाशी बसून मुकाट्यानं रडले. तिला वाटलं महेशमुळे.

१८ मार्च
क्लेअर गुरुवारी घरी येतेय, माझ्या विनवण्यांमुळे. ताईला हात जोडून म्हटलं, फक्त खरं सांग. "हो गं, सांगते की." चंदूभाईंना फोन केला, दुसरं कुणीतरी घर बघून गेलंय.

२० मार्च, गुरुवार
कामावरून धावत आले. खोली ओळखू येईना. पाळणा नाही, आमच्या बॅगा नाहीत, सगळं माळ्यावर. नवी चादर, इरासाठी टेबल, टेबलावर डॅफोडिल्सची पिवळी फुलं. स्वयंपाकघरात कोथिंबीर वड्या.
क्लेअरनं खोली बघितली. "लव्हली," म्हणाली. वडी खाल्ली, दुसरी घेतली. मग पेन काढून मलाच विचारलं, तुम्हाला इथून जायला सांगितलंय का? हो की नाही?
ताई ताट धरून उभी. केस विंचरलेले, ठेवणीतला ड्रेस, ओठांवर ते पाहुण्यांपुढचं हसू. माझ्याकडेच बघत होती. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.
"नो," मी म्हटलं. "नॉट लाइक दॅट."
मी म्हटलं. माझ्या तोंडानं.

२१ मार्च
चंदूभाईंचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, सोमवारपर्यंत थांबा म्हटलं. का म्हटलं, कुणास ठाऊक. "देखता हूँ," म्हणाले.
इरा काल रात्रीपासून माझ्याशी बोलत नाही.
मघाशी ताई शेजारी येऊन बसली. "सुलू, त्या लेखी कागदावरून रागावली नाहीस ना? मी किती विचार केला. घरच्यांनीच काढलेली बाई म्हटल्यावर परका माणूस तिला घर देईल का? म्हणून तर एवढं चांगलं सांगितलं तुझ्याबद्दल. बघ तू, तुझं काम होणार."
मी "हो ताई" म्हटलं. ती समाधानानं झोपायला गेली.