टाकी रिकामी नाही

४ ऑगस्ट, सोम.
सातपूर. कारखाना बंद होऊन तिसरं वर्ष. गेटला बँकेचं सील, बाजूच्या छोट्या दारातून मी आत. आठवड्यातून एकदा, किरणोत्सर्ग मोजायला. मागच्या शेडमध्ये जमिनीखाली टाकी, तीत कोबाल्टच्या तीन जुन्या कुप्या, प्रत्येक आपापल्या लोखंडी कवचाच्या शिशाच्या डब्यात. जाड ओतीव कामाच्या पोटातली चीर बघायला लागायच्या. आता भट्टी नाही, माणसं नाहीत. कुप्या आहेत.
मीटरचा काटा नेहमीच्या जागी. वहीत सही. रखवालदार सोमाकाका म्हणाले, "बाई, तुमी येता म्हून आठवड्याला एक तोंड तरी दिसतं." पेठ तालुक्यातले. घरी जाणं दोन-तीन महिन्यांतून.

८ ऑगस्ट, शुक्र.
पुण्याच्या एका हॉस्पिटलातून फोन. कॅन्सरच्या मशीनसाठी किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी हवाय. मुलाखतीला बोलावलंय! दिवसभर हातात काही टिकेना.
पण मेख तीच. एका अधिकाऱ्याचं नाव एकाच जागी. माझं इथे. राजीनामा द्यायचा तर कुणाला? मोठे साहेब वारले, त्यांची मुलं फोन उचलत नाहीत. किरणोत्सर्गाचे परवाने देणारं मुंबईचं ऑफिस म्हणतं, कुप्या परत जाऊ द्या, मग नाव काढू. परत न्यायची गाडी कंपनीने मागवायची. कंपनी कुठाय? मीच ती.
संध्याकाळी नवरा निफाडच्या शाळेत शिकवून घरी आला. दिलीपने ऐकलं, म्हणाला, "विद्या, आधी मुलाखत तर दे."

१९ ऑगस्ट, मंगळ.
काल पुणे. मुलाखत बरी झाली. बरी काय, छान झाली. मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "नाशिकचं मोकळं झालं की लगेच या. महिना-दीड महिना थांबू." किती वर्षांनी कुणी माझ्या कामाबद्दल नीट प्रश्न विचारले.
मागचा सोमवार अभ्यासात गेला, कालचा पुण्यात. वहीत दोन रकाने कोरे. रिकाम्या शेडमध्ये काय होणार आहे.

२५ ऑगस्ट, सोम.
घरी आल्या आल्या लिहून काढते.
शेडच्या दारातच मीटर बोलायला लागलं. आत सगळीकडे घोटाभर पाणी, पन्हाळ तुटलेली. टाकीचं झाकण तेवढं उंच नि कोरडं. त्यावर सोमाकाकांची खाट. खाटेवर गोधडी, ट्रान्झिस्टर. आणि झाकणावरचा शिशाचा पत्रा नाही. उचकटून नेलेला.
मी ओरडले. ते जेवत होते, ताट घेऊनच उठले.
"पत्रा कधी गेला?"
"झाले धा-बारा दिस. मी बाजाराला गेल्तो तवा. भंगारवालेच, दुसरं कोन."
"आणि खाट?"
"तवापास्नंच. केबिनीत पानी हाय ना, बाई."
खाली काय आहे ते मी सांगितलं. त्यांनी ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "पन काय दिसत तर नाय. वास बी नाय."
तपासणीच्या जुन्या खोलीतल्या शिशाच्या विटा एकेक करून मीच आणून झाकणावर रचल्या. भरभर ठेवायची, लांब व्हायचं. ते मदतीला यायचं म्हणत होते, दारातच थांबवलं. काटा उतरला, पूर्ण नाही. दोरी बांधली, पाटी लावली. शेजारच्या वर्कशॉपवाल्याच्या हातापाया पडून काकांची सोय त्याच्या माळ्यावर केली.
धा-बारा दिवस. माझे दोन कोरे रकाने.

२६ ऑगस्ट, मंगळ.
काकांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरला समजावता समजावता घसा बसला. रक्त घेतलं. आकडे ठीक. "दीड महिन्याने परत करा." परत येताना रिक्षात काकांनी विचारलं, "माज्या नातीला घिऊन झोपायचो ना गावाला, ते चालंल का?" चालेल म्हटलं, तुमच्यापासून कुणाला काही होत नाही. हे तरी मला नक्की माहीत आहे.
मुंबईला कळवायला हवं. कळवलं तर रकाने दिसणार. रकाने दिसले की पुणे...
दिलीपला सगळं सांगितलं नाही.

१ सप्टें., सोम.
नवा माणूस. खैरनार. लिलावात कारखाना त्याने घेतलाय, गोदाम करायचंय. बोलणं गोड. मला बसायला खुर्ची पुसून दिली.
"मॅडम, तुम्ही पण अडकलेल्या, मी पण अडकलेलो. एवढं लिहून द्या, टाकी रिकामी. मी वरून काँक्रीट ओततो, चांगलं जाडजूड. पन्नास वर्षं कुणी बघणार नाही. तुम्ही पुण्याला मोकळ्या."
पुण्याचं याला कोणी सांगितलं? काकांनीच, कौतुकाने.
म्हटलं, "खाली पाणी झिरपतंय. डबे गंजले तर?"
"गंजले तर काँक्रीटच्या आतच ना?"
टाइप केलेला कागद पिशवीत घालून दिला.

२ सप्टें., मंगळ.
कागद दोनदा वाचला. एकच ओळ आहे. काँक्रीट खरंच बरंच अडवतं, हे मीच लोकांना शिकवलंय. पेनाचं टोपण काढलं होतं. दिलीप मागून आला, म्हणाला, "कसला कागद?" मग सगळं सांगितलं, रकान्यांसकट. त्याने कागद उलटा करून ठेवला. "सही केलीस तर मी काही म्हणणार नाही," म्हणाला. हेच नको होतं. त्याने काहीतरी म्हणायला हवं होतं.

४ सप्टें., गुरु.
मुंबईला सगळं लिहून पाठवलं. पत्रा, खाट, काकांचं नाव, दोन्ही सोमवार. खैरनारचा कागदही जोडला. पाठवल्यावर भांडी घासत बसले.

८ सप्टें., सोम.
छोट्या दाराला नवं कुलूप. खैरनार फोनवर, "माझी प्रॉपर्टी आहे, मॅडम." टाकीची जबाबदारी माझी आणि आत जायला मज्जाव. भिंतीला बाहेरून मीटर लावून उभी राहिले. येणारे-जाणारे शिफ्टवाले बघत होते. काका माळ्यावरून ओरडले, "आत कोन नाय गेलं, बाई! मी बघतो हाय!"

१९ सप्टें., शुक्र.
मुंबईचं पत्र. दोघांच्या नावे. खैरनारला: टाकीला हात लावायचा नाही, दार उघडा, परत न्यायची व्यवस्था नव्या मालकाने करावी. मला: रकान्यांबद्दल खुलासा, चौकशी होईपर्यंत नोंदणी बदलता येणार नाही.
पुण्याला स्वतःच कळवलं. बाई म्हणाल्या, "खरं सांगितलंत ते बरं केलंत. पण आम्हाला तारीख हवी." माझ्याकडे तारीख नाही.

६ ऑक्टो., सोम.
कुलूप निघालं. खैरनार आता नमस्कारही करत नाही. काटा तोच. सही.

१३ ऑक्टो., सोम.
गाडी आली. चार माणसं, शांत, नीट कामाची. झाकण उचललं. पाणी उपसून तपासलं. स्वच्छ निघालं, म्हणजे कुपी एकही फुटलेली नाही. दोन डबे वर आले. तिसरा येईना. तळाशी गंजून काँक्रीटला धरलाय. ओढला तर फुटेल. त्यांचा मोठा माणूस म्हणाला, "वेगळी सामग्री लागेल. कळवू."
"कधी?"
"कळवू, मॅडम."
पुण्याचा मेल दुपारी. अजून उघडला नाही.
गाडी गेल्यावर सोमाकाका आले. दुसऱ्यांदा रक्त दिलं होतं, त्याचा कागद घेऊन. पांढऱ्या पेशी थोड्या कमी. डॉक्टर म्हणे साध्या तापानेही होतं, काकांना मागे ताप येऊन गेलाय. परत करायला सांगितलंय.
"त्याच्यामुळंच का, बाई?"
"माहीत नाही, काका."
कागदाची घडी करून त्यांनी बंडीच्या खिशात ठेवली. दोरीपलीकडे बघत म्हणाले, "मंग एकच ऱ्हायला आता."
"एकच."
"पुढल्या सोमवारी येता ना?"
येते म्हटलं.