पन्नास किलो आणि एक सही

कोल्हापूर,
मंगळवार, ७ जानेवारी २०२५

आक्का,

तुला आणि उदयसिंह दाजींना माझा नमस्कार. इथं सगळं बरं आहे. तुझी लेक जेवते, झोपते, कॉलेजला जाते. गगनबावड्याला थंडी फार असेल, तर गोठ्याला पोती लावलीत का ते कळव.

हे पत्र केरबा वस्तादांच्या दोन मुलींसाठी आहे. एक लिहिते आहे, एक वाचते आहे. दोघींची तक्रार एकच आहे आणि ती चाळीस वर्षं जुनी आहे. आबांनी शेकडो पोरं घडवली, आणि आपण रोज पहाटे दुधाची किटली तालमीच्या दारापर्यंत नेली. दारापर्यंतच. उंबऱ्यावर ठेवायची, हाक मारायची, मागं फिरायचं. आत कोण कुणाला पाडतंय ते आपण आवाजावरून ओळखायचो. तू नऊ वर्षांची असताना एकदा उंबऱ्यावर पाय ठेवलास. आबांनी नुसतं बघितलं. तो पाय तू मागं घेतलास. आपल्याला हवं का, असं त्या घरात कुणी कधी विचारलं नाही.

परवा फोनवर तू एकच वाक्य बोललीस. "शनिवारच्या गाडीत बसव तिला." आणि फोन ठेवलास. तुझं बरोबर आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि बोलू दिलंस तर मी भाषण करते. म्हणून लिहिते आहे.

आबांच्या तालमीच्या वरच्या मजल्यावर आता जिम आहे, तिथंच बॉक्सिंगचा वर्ग भरतो. संयोगिता त्या वर्गाला जाते हे तुला माहीत होतं. "व्यायाम करू दे," असं तूच म्हणालीस. ती स्पर्धेत उतरली हे मात्र तुला गावातल्या कुणाच्या तरी फोनवर, फ्लेक्सच्या फोटोतून कळलं. तो फ्लेक्स मी लावला. तिला नको होता. "वजन चोपन्न, उचल पन्नास, करवीरची रणरागिणी" हे शब्द माझे. मागचा वाघ छापणाऱ्यानं त्याच्या मनानं टाकला.

पन्नास म्हणजे काय ते सांगते. बेंच प्रेस नावाचा व्यायाम असतो. फळीवर उताणं पडायचं आणि वजन लावलेला लोखंडी दांडा छातीपासून वर ढकलायचा. आपल्याकडं पोरं एकमेकांना नाव विचारायच्या आधी "बेंच किती मारतोस?" असं विचारतात. तो बेंच पोरांचा होता. मुलींनी दोरीवर उड्या माराव्यात, असा तिथला रिवाज. मी तालमीच्या सभेत उभी राहिले. ग्रीसमधल्या पहिल्या ऑलिंपिकपासून सुरुवात केली. चाळीसाव्या मिनिटाला अध्यक्षांनी हात जोडले. "बाई, बेंच घ्या, पर आता बसा." सकाळी सहा ते सात बेंच मुलींचा झाला. आक्का, त्या दिवशी मी जिना उतरले नाही, तरंगत आले.

मग मी पुस्तकं आणली. छाती, खांदा, दंडाचा मागचा स्नायू, सगळं पाठ केलं. रोज तिच्या डोक्याशी उभी राहून मोजायची. रिकाम्या दांड्यापासून सुरुवात केली आणि आठ महिन्यांत पन्नास किलो. बाकीच्या सहा मुली टाळ्या वाजवायच्या.

जोतीराम सर तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. ते तिचे प्रशिक्षक, फौजेत बारा वर्षं बॉक्सिंग खेळलेले. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, बेंचवर पाठीला फळी हाय. रिंगणात पाठीला काय हाय?" ठोसा पायातून निघतो, कमरेतून फिरतो आणि हातातून नुसता बाहेर पडतो, असं त्यांचं म्हणणं. बेंच आठवड्यातून एकदा, हलका, पुरे. मी त्यांना तीन पुस्तकांचे दाखले दिले. ते म्हणाले, "मग त्या पुस्तकांस्नीच उतरवा की." मी हसले नाही. तालमीत पुन्हा एक पुरुष आपल्या मुलीला मागं हो म्हणतोय, एवढंच मला ऐकू आलं.

डिसेंबरात निमंत्रितांची स्पर्धा झाली. समोर सांगलीची अवंतिका. पहिल्या राऊंडमध्ये संयूच्या उजव्या हातानं तिला दोन पावलं मागं सारलं, हॉल दणाणला, मी खुर्चीवर उभी होते. पण सारलं, लागलं नाही. गेलेला हात परत गालापाशी यायला उशीर करत होता. दुसऱ्या राऊंडला खांदे शिशाचे झाल्यासारखे दिसले. अवंतिका यायची, दोन ठोसे लावायची आणि निघून जायची. तिसऱ्या राऊंडला आपल्या पोरीचं नाक फुटलं, तरी ती पुढंच जात होती. एक पाऊल मागं नाही. गुणांवर हरली.

मग अवंतिका आमच्यापाशी आली, चांगली पोर आहे, पाया पडली आणि म्हणाली, "काकू, तुमचा बोर्ड आम्ही आदल्या दिवशीच बघितला. आमचे सर म्हणाले, ही ढकलणार, समोर थांबायचंच नाही."

मी आयुष्यभर शब्दांवर जगले. माझ्या शब्दांनी माझ्याच भाचीचा डाव चौकात मांडून ठेवला.

संयू रडली नाही. हाताच्या पट्ट्या सोडत तिनं विचारलं, "मावशी, ते पन्नास किलो कुणाचं हुतं गं? माझं का तुझं?"

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेले आणि पहिल्यांदाच थोडं बोलले. त्यांनी तिचा बेंच बंद केला नाही. समोरची मिठी मारून अडवते तेव्हा तिला लोटायला तो जोर कामाचा असतो, म्हणाले. पण आठवड्याला एकदाच. बाकीचे दिवस पायांची चाल, दोरी, आणि जड चेंडू भिंतीवर फेकणं. तो चेंडू तिनं पहिल्यांदा फेकला आणि सर थांबले. टाच रोवलेली, कंबर फिरलेली, हात सगळ्यात शेवटी. त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं. ती म्हणाली, "आईनं. वैरणीच्या पेंढ्या माळ्यावर फेकताना. टाच उचलली की आई वरडायची."

सर माझ्याकडं बघून म्हणाले, "मग आईलाच आणायचं न्हाय का इतके दिस."

गेल्या रविवारी सरावाच्या लढतीत तिचा उजवा हात मी ऐकला. ऐकला असंच लिहिते आहे, कारण मी डोळे मिटले होते, आपण दारात उभ्या राहायचो तशी. आवाज बदललाय आक्का. आधी उशी झोडपल्यासारखा यायचा. आता फळी मोडल्यासारखा येतो. तो आवाज तुझा आहे. मी पुस्तकांत शोधत होते आणि तो तुझ्या गोठ्यात होता.

आता ते, ज्याच्यासाठी मी एवढी पानं फिरत राहिले.

संयू सतरा वर्षांची आहे. स्पर्धेच्या फॉर्मवर आईची सही लागत होती. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, विचार करून सांगते. चार दिवस तुझा फोन आला नाही. पाचव्या दिवशी मी तुझी सही केली. नंदिनीतली शेवटची वेलांटी तू कशी मागं ओढतेस ते मला शाळेपासून येतं. बायकांना विचारल्याशिवाय त्यांच्या वतीनं हो म्हणणाऱ्यांवर मी गावोगाव बोलत आले, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला मी विचारलं नाही. आबांनी तरी नुसतं बघितलं होतं. मी तुझा हात धरून लिहिलं.

संयूला वाटलं, सही तू पाठवलीस. तिनं त्या कागदाचा फोटो फोनमध्ये जपून ठेवला होता. स्पर्धेच्या सकाळी तो बघूनच ती रिंगणात चढली.

काल मी तिला खरं सांगितलं. तिनं फोनमधला तो फोटो पुन्हा बघितला. मग म्हणाली, "म्हंजे आई अजून हो म्हणालीच न्हाय." रविवारी विभागाची निवड आहे, फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. सर म्हणाले, या फॉर्मवर मावशी पालक म्हणून सही करू दे, चालतंय. संयू नको म्हणाली. आईची खरी सही असंल तरच उतरणार, नाहीतर शनिवारच्या गाडीत बसणार. पिशवी भरून ठेवली आहे तिनं. ग्लोव्ह्ज वर ठेवलेत.

मी खूप माणसं सभा गाजवताना बघितली आहेत. एवढं ताठ उभं राहून एवढं कमी बोललेलं कुणी बघितलं नाही. ती हरली तेव्हाही मला तिचा अभिमान होता, पण काल मान वर करून तिच्याकडं बघवत नव्हतं, इतका होता. आणि ती तुझी आहे, म्हणून तुझाही.

फॉर्म पत्राला जोडला आहे. खालची रेघ कोरी आहे. हे पाकीट शेजारचा राजवीर उद्या दुधाच्या गाडीवरून तुला आणून देईल. पण त्याच्या हाती फॉर्म परत पाठवू नकोस. गुरुवारी पहिल्या गाडीनं फॉर्म घेऊन ये. सहा ते सातची वेळ त्या दिवशी आठ ते नऊ करून घेतली आहे, भाषण न करता. जिना चढ, अर्धा तास तिला बघ, आणि मग त्या रेघेवर सही कर किंवा नाही असं लिही. जे लिहिशील ते तुझ्या हातचं असेल आणि मी त्यावर एक शब्द बोलणार नाही.

फक्त दारात थांबू नकोस, आक्का. आत ये.

तुझ्या नावानं हो म्हणून बसलेली,
वर्षा