भाऊमामाच्या सायकलची ओळखपरेड

रत्नागिरी,
रविवार, दुपार (लाईट गेली आहे)

मालनताई,

दादूचा वाकून नमस्कार. (डॉक्टरांनी वाकायला बंदी केलीय, तेव्हा केलाय उभ्यानेच, पण वाकलेला समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावजींचा खोकला? सुपारी उतरवून झाली का? आमच्याकडे सगळं ठीक. फक्त योगिनी आठ दिवस माझ्याशी बोलत नाही, आणि ते का, हेच सांगायला हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

तर मी सायकल घेतली. हसू नकोस. वय वर्षं चौसष्ट, आणि सायकल खाली वाकलेल्या हँडलची, रेसर, नखशिखांत गंजलेली. कर्ल्याला एका होडीवाल्याच्या पडवीत फाटक्या जाळ्यांखाली पडली होती. मी गेलो होतो सुरमईला (घरी अजून सुरमईची वाट बघताहेत), आणि ते हँडल दिसलं मात्र, ताई, मी जाळी ओढून बाजूला केली. भाऊमामाने बोटीवरून आणलेली आपली सायकल! आठवतं ना गो? ओहोटीला भाट्याची वाळू कडक व्हायची, तू परकर खोचून सुसाट जायचीस, आणि मी तुझ्या चपला हातात घेऊन मागे धावायचो. तू पंधराची, मी नवाचा. तेव्हा तुझ्याइतकं जोरात जाणारं माणूस मी दुसरं पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगू, अजूनही नाही पाहिलं. मग एकाहत्तर साली अण्णांनी ती सायकल एका दिवसात कुणालातरी देऊन टाकली, आणि तू पुन्हा कधी कुठल्याच सायकलला हात लावला नाहीस. म्हणून ठरवलं, ही तीच असली तर पुसूनबिसून गुहागरला तुझ्या अंगणात आणून उभी करायची. त्यासाठी हिचा कारखाना आणि जन्मसाल कळणं भाग होतं. मामाची विलायती होती आणि आपल्याकडे एकोणसत्तरला आली, एवढं तर आपल्याला पक्कं ठाऊक.

पण हिच्या अंगावर नाव म्हणून नाही. पुढे कंपनीची पट्टी असते तिथे नुसती दोन भोकं. उलटी करून पायडलाच्या खाली घासलं तर सहा आकडे निघाले. आता पोस्टात छत्तीस वर्षं टपाल निवडलेल्या माणसाला सहा आकडे दिसले की समोर गावच उभं राहतं, आणि त्यात पहिले तीन ४१५! म्हणजे आपला रत्नागिरी जिल्हाच की! नेमकं गाव कुठलं, ते शोधण्यात मी तीन दिवस घालवले. शेवटी योगिनीने भाकऱ्या थापता थापता विचारलं, की अहो, सायकल एकोणसत्तरची ना, मग पिनकोड बहात्तरला सुरू झाला तो तिच्यावर आला कसा? छत्तीस वर्षांची नोकरी, ताई, आणि हे मला बायकोने सांगावं.

मग म्हटलं, गंजाखाली काहीतरी कोरलेलं असेल. तांब्याची भांडी कोकमाने लख्ख होतात, तर लोखंड का नाही होणार? सगळे नटबोल्ट नि साखळी घमेल्यात घालून वर कोकमाचं आगळ ओतलं. वर्षाचं होतं, चार बाटल्या. नट चकाकले, नाव काही निघालं नाही. योगिनी बोलत नाही ती तेव्हापासून. सोलकढीही बंद आहे, पण तो विषय नको.

पुढच्या आडव्या नळीला पोचा सापडला तेव्हा तर मी नाचायचाच बाकी होतो. तू काजूच्या झाडाला आपटली होतीस तेव्हाचा तो! दोन दिवस त्या पोच्यावरून हात फिरवत बसलो. तिसऱ्या दिवशी आठवलं, की येताना रिक्षातून ती माझ्याच हातून सुटली होती.

आता एकच उपाय उरला. ग्रामदेवाला कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, ही सायकल विलायती आसंल तर उजवा दे रे म्हाराजा, आणि मागच्या लोकांनी (त्यांचा जमिनीचा तंटा होता, ते खोळंबलेले) चढ्या आवाजात व्हय म्हाराजा म्हटलं. देवाच्या अंगाला लावलेली कळी हलेना. अर्धा तास गेला, ना उजवी पडली ना डावी. शेवटी गुरव माझ्याकडे बघून म्हणाला, दादू, तुझ्या मनात दुसरंच कायतरी हाय, ते इचार. मी म्हटलं, छे, काही नाही. देवळात उभा राहून खोटं बोललो.

असो. हँडल, भोकं, उंची, सगळं जुळतंय. माझी तर खात्री पटलीय, की ही आपलीच.

भावजींना नमस्कार सांग, आणि गुडघ्याला शेक सोडू नकोस.

तुझा,
दादू

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच शिवा सायकलवाला आला. त्याने मागचं चाक उघडून ग्रीस पुसलं, तर आत मध्यभागी आकडा: ८४. शेजारी 'मेड इन इंडिया'. म्हणजे अण्णांनी आपली दिली त्यानंतर तेरा वर्षांनी ही जन्मली, आणि तीही इथेच. वरची तीन पानं रद्द समज. फाडत नाही, हात दुखेस्तोवर लिहिलीत.

ता. क. दोन. सायकल मात्र परत देत नाही. शिवाने नवे टायर घातलेत, सीट तुझ्या उंचीला खाली घेतलीय. चार दिवस येशील का? चालवू नकोस, नुसती धरून भाट्याला चाल. मी आहे बरोबर.

ता. क. तीन. शेजारच्या येसूबाईने अण्णांना चुगली केली म्हणून तू तिच्याशी ती वारेपर्यंत बोलली नाहीस. तिने नव्हती केली. त्या दिवशी तू मला एक फेरी दिली नाहीस, म्हणून घरी जाऊन, तू परकर खोचून भाट्याला सायकल हाणतेस, हे अण्णांना मीच सांगितलं. अण्णा सायकलच देऊन टाकतील असं वाटलं नव्हतं गो. नऊ वर्षांचा होतो, पण नंतर मोठा झालो, तरी बोललो नाही. आता येसूबाईसमोर जाऊन कबूल करणं जमायचं नाही. तू आहेस.

रागावून ये. पण ये.