पानराजाच्या तिसऱ्या आवृत्तीबाबत खुलासा

दिनांक : १८ फेब्रुवारी २००३

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय (तालुक्याचे नाव आपल्या शिक्क्यात उमटलेले नाही, तरी पत्रे पोचतात, त्यावरून तालुका असावा),
जि. गडचिरोली.

अर्जदार (आईतर्फे) : निकेश मुखरू बारसागडे, मौजा हिरडीटोला, हल्ली मुक्काम चंद्रपूर.

विषय : शेतावर आईचे नाव चढवण्याच्या अर्जाला एका न मेलेल्या मुडद्याची पाने चुकून जोडली गेल्याबाबत खुलासा.

संदर्भ : आपले त्रुटीपत्र. "पानराजा नामक इसम कोण, अर्जदाराशी नाते काय, व सदर इसमाच्या गतीची कारणे तीन पानांवर तीन वेगवेगळी का?"

महोदय,

१. आठ वर्षांपासून बेपत्ता असलेले माझे वडील मुखरू सोमाजी बारसागडे हे जिवंत सापडले आहेत, असे कळवण्यात येते.

२. वरील परिच्छेद आपण वाचलेला नाही. तो या अर्जात नाही. माझे वडील बेपत्ता आहेत, सात वर्षे उलटून गेली आहेत, आणि एवढ्या काळात ज्याची खबरबात नाही त्याला कायदा मेलेला धरतो. याच आधारावर माझी आई सुगंधाबाई हिने अर्ज केलेला आहे. पुढील मजकूर त्याच समजुतीने वाचावा.

३. चूक अशी झाली. मी व माझा मित्र आरिफ शेख चंद्रपुरात एक खेळ खेळायचो. त्यात राजे, चेटकिणी, तलवारी असतात आणि सगळे तोंडी असते. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यात शिरून लढायचे, जगला की मेला हे फाशाने ठरवायचे. वीस बाजूंचा फासा आरिफच्या वडिलांनी, सुतारकाम करणाऱ्या रहीमचाचांनी, सागवानाच्या तुकड्यातून कोरून दिला. (लाकूड परवान्याचे आहे. वन विभागास कळवू नये.) गोष्ट मी सांगायचो. त्यातला खलनायक पानराजा. मेलेला असून मरत नाही, पळसाच्या पानांचे अंग, जंगलात फिरतो. झेरॉक्सच्या दुकानात आरिफने घाईने गठ्ठे केले आणि आईच्या अर्जामागे पानराजाची पाने लागली. आपण मागितलेला पानराजाचा रहिवासी दाखला त्यामुळे देता येत नाही. नाते काय, हे पुढे येईलच.

४. पहिली आवृत्ती. वडील आलापल्लीकडे सागवान कटाईच्या कामावर गेले आणि परतले नाहीत. वाघाने नेले, असे गावाने ठरवले. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे शिकायला चंद्रपूरला आलो, खेळ सुरू झाला आणि मी पानराजा केला : चांगला राजा, प्रजेसाठी औषध आणायला जंगलात गेला, चेटकिणीने धरून ठेवला. त्याला घरी यायचे असते, येता येत नाही, म्हणून तो वाटसरूंवर चिडतो. या आवृत्तीत आरिफने त्याला एकदाही जिवे मारले नाही. तलवार उगारायचा आणि म्हणायचा, "जाऊ दे बे, बिचारा घरी जाऊन राह्यला."

५. मेलेल्याची जन्मकथा बदलता येते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आरिफच्या नागपूरच्या भावाने अशाच एका विलायती खेळाची जुनी आणि नवी, अशी दोन्ही पुस्तके आणली. जुन्यात एक सांगाड्यांचा राजा होता. बायको गेल्याच्या दुःखात त्याला मरणच आले नव्हते. नव्या पुस्तकात तोच राजा जन्मजात लोभी. बायको नाही, दुःख नाही, खजिन्याच्या लोभापायी मरायचा राहिला, बस. आम्ही कंपनीला निषेधाचे पत्र लिहिले. उत्तर आले नाही. आरिफ म्हणाला, "मेलेल्यावर काहीबी लिहिते हे लोक. तो कुठी तक्रार करायले येते?" मी हसलो होतो. सदर हसणे मागे घेण्यात येत आहे.

६. दुसरी आवृत्ती. गावच्या लच्छूने सांगितले की त्याने वडिलांना सिरोंच्याच्या बसमध्ये पाहिले, खिडकीजवळ बसून शेंगा खात होते. वाघाने नेलेला माणूस शेंगा खात नाही, ही बाब आपल्याही लक्षात येईल. आईने लच्छूला दारातून हाकलले : "तुह्या डोळ्यात मोतीबिंदू होय, मुडद्या!" मी मात्र पाने बदलली. आता चेटकीण पानराजाला धरत नाही. तो स्वतः तिच्या दारात जाऊन आपली सावली देऊन टाकतो. का देतो, ते लिहिले नाही. आरिफने विचारले, "काऊन पण?" मी म्हटले, नियमात नाही.

७. तिसरी आवृत्ती. (हा परिच्छेद क्रमांक एकप्रमाणेच वाचलेला नसावा.) मागच्या वर्षी आरिफच्या मामेबहिणीच्या लग्नाचे कपाट पोचवायला मी रहीमचाचांच्या गाडीतून सिरोंच्याला गेलो. कपाट उतरवून नदीकडे गेलो. तिथे एक माणूस कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. लाकडाची पाचर दातात धरून. आमच्या गावात अशी पाचर दातात धरणारा एकच माणूस होता आणि आई त्याला रोज सांगायची, एक दिवस गिळशील. एक लहान मुलगी धावत आली आणि त्याला "नान्ना" म्हणाली. तेलुगूत बापाला नान्ना म्हणतात, हे मला तोवर माहीत नव्हते, पण सांगावे लागले नाही.

त्याने मला ओळखले. पाचर काढून हातात घेतली. "निक्या, बारावी झाली का रे?" म्हटले, झाली. "मंग बेस." त्याने कुऱ्हाडीचा दांडा दगडावर दोनदा ठोकला. मग त्याने विचारले, "धवळ्या बैल हाय का अजून?" मी सांगितले, मेला. त्याचे डोळे भरून आले. आईचे विचारले नाही. निघताना म्हणाला, "घरी सांगू नोको बापू. मी मेलो म्हन. मेलेल्या मानसाले कोनी वाईट बोलत नाई." मुलीने मला मूठभर चिंचा दिल्या. मी त्या खाल्ल्या. चांगल्या होत्या.

चंद्रपूरला येऊन मी लिहिले : पानराजाचा नदीपलीकडे दुसरा वाडा आहे, एक लहान राजकन्या आहे, तो तिथे सुखात आहे. आरिफने पाने वाचली आणि फासा खिशात टाकला. "अबे, ह्यो तं व्हिलनच राह्यला नाई. आता मारायचा कसा?" तेव्हापासून खेळ बंद आहे. आपल्या कार्यालयाकडे आलेली पाने ती हीच तीन. तिन्ही खरी आहेत, पण एकाच माणसाची नाहीत.

८. आता आईचे. शेतात आठ वर्षे धान ती लावते, आणि पाणीपट्टीची नोटीस मुखरूच्या नावाने येते. लोकांनी बरेच समजावल्यावर ती कबूल झाली की महाशिवरात्रीला मार्कंड्याला वैनगंगेवर पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला मुखरू म्हणायचे आणि जाळायचे. देह सापडला नाही की आमच्याकडे असेच करतात. पण गावच्या चैतूबुवांनी मध्येच काढले की पानांच्या माणसाचे तोंड कुठे करायचे ते आधी सांगा. माणूस घराकडे येताना गेला असेल तर तोंड गावाकडे. घर सोडून जाताना गेला असेल तर जंगलाकडे.

आई त्या दिवसापासून जेवत नाही म्हटले तरी चालेल. परवा मी गेलो तर चुलीपुढे बसूनच म्हणाली, "मेला तं मेला. आठ वर्स झाले, मी का लहान हाओ? पन तो येऊन राह्यला होता का जाऊन राह्यला होता, येवढं मले सांग. तू शिकलेला हाईस." मी सांगितले, येत होता. तिने माझ्याकडे पाहिले आणि परत चुलीत फुंकर घातली. पुन्हा विचारले नाही. भाकरी मात्र माझ्याच ताटात दोन जास्त वाढल्या.

९. खरे सांगितले तर तिला शेत मिळत नाही, कारण नवरा जिवंत आहे. आणि नवरा मिळत नाही, कारण तो तिथे आहे. खोटे सांगायला मी एकटा पुरत नाही. शेताचा निर्णय आपण कायद्याने द्यालच. ते कोर्टाचे काम आहे असे आपल्या टेबलावर सांगतात आणि आपले आहे असे कोर्टाच्या टेबलावर, त्याबद्दल तक्रार नाही. ही विनंती वेगळी आहे.

१०. तरी महोदयांनी चौथी व अंतिम आवृत्ती शासनाच्या वतीने निश्चित करावी. मुखरू सोमाजी बारसागडे यांच्या मृत्यूच्या ठिकाणाच्या रकान्यात "घराच्या वाटेवर, गावाकडे तोंड करून" अशी नोंद घ्यावी. त्यासाठी पुरावा, पंच व साक्षीदार यांची अट शिथिल करावी. आणि सदर नोंद गोल शिक्का मारून महाशिवरात्रीपूर्वी एखाद्या कोतवालामार्फत माझ्या आईस मोठ्याने वाचून दाखवण्याचे आदेश व्हावेत. माझ्या तोंडाकडे पाहून तिला खोटे ओळखता येते. शिक्क्याकडे पाहून येत नाही.

आपला नम्र, आणि वारस,

(सही)
निकेश मुखरू बारसागडे