उंबऱ्याबाहेरचा पाय

प्रिय ल्युत्का,

तू विचारायच्या आधीच सांगते, नाही, माझे गुडघे दुखले नाहीत. क्राकूफपर्यंत बसनं गेले, तिथल्या म्युझियमच्या पायऱ्याही चढले. नातीनं नेलं. किंगा म्हणाली, "आजी, दीडशे वर्षांपूर्वीचा चित्रकार, सगळी चित्रं पहिल्यांदाच एकत्र आलीत." मी म्हटलं, एकत्र आली म्हणून काय, लग्न आहे का त्यांचं?

गोंतार्स्की त्याचं नाव. भिंतीभर घोडे आणि मिशीवाले सरदार. लोक देवळात आल्यासारखे कुजबुजत होते. मी कंटाळले, बाक शोधायला पुढच्या खोलीत गेले, आणि ल्युत्का, तिथं आपल्या जुन्या घराचं दार होतं.

म्हणजे तसंच. लाकडी घर, मागं चूल पेटलेली. मुलगा लढाईला निघालाय, आई निरोप देतेय. बर्फ पांढरा नाहीच, निळा आहे, आपल्या गोठ्याच्या खिडकीतून पहाटे दिसायचा तसा. मला खरंच गार वाजलं. स्वेटरची बटणं लावली मी, सांग आता!

मी इतकी जवळ गेले की राखणदार ओरडला, "अहो आजीबाई, चित्राला नाक लावू नका!" मी म्हटलं, "नाक नाही रे बाबा, डोळे लावतेय."

किंगानं विचारलं, "ही अनवाणी का?" मी म्हटलं, बूट घालायला वेळ कुठला? उंबऱ्यावरून हात दिला की भांडण होतं म्हणतात आपल्याकडं, म्हणून ती धावत बाहेर आलीय. तिच्या पायाच्या बोटांभोवतीचा बर्फ वितळलाय गं. कधीची उभी आहे, मुलाचा हात सुटत नाहीये. एवढंसं पाणी रंगवलंय त्यानं. स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले मी. मी! किंगा घाबरली, पाणी आणायला धावली.

आणि आपण दोघी? ईस्टरला तू खसखशीचा केक घेऊन माझ्या दारात. तू बाहेरून हात पुढं केलास, मी म्हटलं, "आधी आत ये." तू म्हणालीस, "तू ये बाहेर." भांडण होऊ नये म्हणून दोघी हटून बसलो, आणि तेवढ्यावरनंच भांडण झालं. केकही परत नेलास. तेव्हापासून ना तुझा फोन, ना माझा.

रविवारी चर्चहून थेट तुझ्याकडं येतेय. दार उघडं ठेव. तू जागची हलू नकोस, आत मीच येईन, मग हात देईन. का, कशाला, विचारू नकोस. याच्यावर मी एक अक्षर लिहिणार नाही.

तुझीच,
गेनिया